बर्फावरची झाडं

लोमवाटन, ६ जानेवारी १९५९

हाल्वार,

बारा वर्षांतलं हे पहिलं पत्र, आणि तेही कामाचं. मायेनं सुरुवात केली असती तर दुसऱ्या ओळीला तू ते चुलीत घातलं असतंस, म्हणून सरळ कामाचंच बोलते.

आपल्या गावाचा इतिहास लिहून होत आला आहे. प्रत्येक घर, त्याची जमीन, कोण कुठून आलं, कुणाला कुणाच्या घरात दिलं, कोण कुठं गेलं. साडेचारशे पानं झाली. समितीची अध्यक्ष मी आहे. म्हणजे लिहिलं मी आणि कॉफी प्यायली बाकीच्यांनी. उत्तर नेसचं प्रकरण, म्हणजे आपल्या घराचं, मी शेवटी ठेवलं होतं. त्याचं अखेरचं वाक्य असं आहे:

‘फेब्रुवारी १९४७ मध्ये उत्तर नेसच्या हाल्वारने बर्फावरील वाटेच्या खुणा जुन्याच रेषेवर लावल्या, आणि त्या वाटेवर त्याची पत्नी ओस्ने घोडीसह बुडाली.’

हयात माणसाबद्दल असं छापायचं तर त्याला विचारावं, असा समितीचा ठराव आहे. तुझी हरकत असेल तर लिही. मजकूर १ मार्चला छापखान्यात जातो. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं जाईल.

त्याच्या आधीचं पानही तुला कळावं. नेसच्या घराकडे दोनशे वर्षं जे काम होतं त्याबद्दल मी लिहिलं आहे: सरोवर गोठलं की स्प्रूसची कोवळी झाडं तोडायची, दर चाळीस पावलांवर बर्फात भोक पाडून रोवायची, आपल्या काठापासून पलीकडच्या चर्चपर्यंत. धुकं असो, वादळ असो, झाडाकडून झाडाकडे जाणारा माणूस बुडत नाही. हे काम कुणी सांगून नेसकडे आलं नव्हतं. ते जमिनीच्या कागदातच होतं. जमीन तुझी, तर बर्फही तुझं. पंचायतीत मी याला वेठबिगार म्हटलं होतं, आणि आजही म्हणते. माणसानं आपल्या शेजाऱ्याला सुखरूप पोचवावं ते माणूस म्हणून. जमिनीला जुंपलेला बैल म्हणून नव्हे.

विजेसाठी बांधलेल्या धरणाबद्दल मला पश्चात्ताप नाही. तेही लिहून ठेवते. नेस, म्हणजे सरोवरात शिरलेलं आपलं ते जमिनीचं टोक, बुडालं, दोन कुरणं बुडाली, आपलं घर बुडालं. त्या बदल्यात आज या खोऱ्यात एकही बाई अंधारात गायीचं दूध काढत नाही. मी चाळीस सभांमधून हे बोलले आणि एक्केचाळिसावी असेल तर तिथंही बोलेन.

आणखी एक, सहज म्हणून. चर्चच्या बाजूनं कुणीतरी बर्फावर झाडं लावायला सुरुवात केली आहे. नऊ झाली. ओस्ने गेल्यापासून पंचायतीनं बर्फावरची वाट बंद केली, लोक रस्त्यानं चौतीस किलोमीटरचा वळसा घेतात, तेव्हा हा उद्योग कुणाचा ते कळत नाही. वार्दोच्या मासळीच्या कारखान्यात तुला याच्याशी काय देणंघेणं म्हणा.

गुद्रुन


लोमवाटन, १९ जानेवारी

हाल्वार,

उत्तर नाही. ठीक. तू लहानपणीही रागावलास की आठ-आठ दिवस बोलायचा नाहीस, आणि आई म्हणायची, त्याच्या तोंडाला गोठू दे, वसंतात सुटेल.

झाडं एकोणीस झाली आहेत. बुडालेल्या नेसच्या टोकापर्यंत आली. मी शाळेच्या खिडकीतून रोज मोजते. मुलं गणितं सोडवत असतात तेव्हा मला दुसरं काय काम. बर्फ पडून गेलं की दुसऱ्या सकाळी दोन-तीन नवी उभी असतात. चालत जाऊन पाहिलं मी परवा, भर दुपारी, काठी आपटत. भोवती पावलं नाहीत, घसरगाडीचा माग नाही. ताजं बर्फ पडून गेल्यावर लावली असतील तर पावलं हवीत. आधी लावली असतील तर आदल्या दिवशी दिसायला हवी होती. मी हे तर्कानं सोडवायचा प्रयत्न केला आणि मला ते सोडवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की, लावणाऱ्याला काही येत नाही. खालच्या सगळ्या फांद्या छाटून टाकल्या आहेत, बुंधा पेन्सिलीसारखा गुळगुळीत, वर फक्त शेंड्याचा झुपका. नेसची माणसं खालचं एक कडं राखायची, म्हणजे ते बर्फावर टेकतं आणि उन्हं तापली तरी झाड कलंडत नाही. हे तू मला सांगू नकोस, मी पुस्तकात लिहिलं आहे. हे कुण्या नवशिक्याचं काम.

दुकानात विषय काढला. नेरी, आपल्या शेजारच्या टेकडीवरचा, तो तिथंच पिठाचं पोतं घेत होता. म्हणाला, पंचायतीनंच लावली असतील. मी म्हटलं, पंचायतीत मी बसते, आम्ही लावलेली नाहीत. तर म्हणतो, “बाई, पंचायत काय करते हे पंचायतीला कधी माहीत असतं का?” सगळे हसले. मीही हसले. मग त्यातल्या दोघांनी सांगितलं की ते रविवारी त्याच झाडांच्या कडेनं पायी चर्चला जाऊन आले. मी विचारलं, कुणी लावली हे माहीत नसताना गेलात? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी विचारलं, पाव कुणी भाजला हे माहीत नसताना खाल्लात?

आपल्याकडे ते कुणी विचारत नाही. मी इथं जन्मले, वाढले, आणि हे मला आता दिसतं आहे. बर्फावर उभं केलेलं झाड म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द. कुणी दिला हे विचारणं म्हणजे सगळ्या गावावर अविश्वास.

वाक्याबद्दल कळव.

गुद्रुन


लोमवाटन, ३० जानेवारी

हाल्वार,

हे पत्र समितीच्या कागदावर नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल.

अठ्ठावीस झाली. आता नेसच्या बुडालेल्या कण्यावरून येताहेत, जिथं आपलं घर होतं तिथून, सरळ शाळेखालच्या उतरणीकडे. म्हणजे माझ्याकडे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. याच गावात मी जळमटं झाडली आहेत. ओढ्यात घोड्याच्या रूपात राहणाऱ्या भुताची भीती घालणाऱ्या आयांना मी भर सभेत सुनावलं आहे. तरी तुला सांगते, आठ दिवसांपूर्वी मी माझी कुऱ्हाड नेरीकडे नेऊन दिली. धार लावायला, असं सांगितलं. त्यानंही ती ठेवून घेतली आणि धार लावायला किती दिवस लागतील ते विचारलं नाही. सकाळी उठल्यावर मी माझे बूट तपासते. कोरडे असतात. मंगळवारी हातमोज्यावर झाडाचा चीक होता, पण सोमवारी मी झाडाला हात लावून पाहिला होता, तेव्हा त्याचं कारण तेच असणार.

कुऱ्हाड देऊनही झाडं वाढलीच.

नेरीची आई गुनहिल्ड अंथरुणाला खिळली आहे. एक्क्याण्णव वर्षांची. पुस्तकासाठी तिच्याकडून मी किती गोष्टी लिहून घेतल्या आहेत, म्हणून भेटायला गेले. तिची खाट खिडकीशी आहे आणि खिडकीतून सरोवर दिसतं. तिनं मला हातानं जवळ बसवलं आणि विचारलं, त्या साली झाडं कुणी लावली होती ग?

मी म्हटलं, हाल्वारनं.

“नाही,” ती म्हणाली. “नेसच्या माणसांनी लावलेली झाडं मी आयुष्यभर बघितली. तुझ्या आज्याची, बापाची, हाल्वारची. खालचं कडं न राखणारा नेसमध्ये जन्मला नाही. त्या साली कडं नव्हतं. आणि आता बघ, तीच झाडं परत येताहेत.”

मी म्हटलं, आजी, तुम्हाला ताप आहे.

“ताप मला आहे,” ती म्हणाली, “आणि घाम तुला फुटलाय.”

मी तिथून लवकर उठले. घरी येऊन पुस्तकाचं ते पान काढलं. वाक्य वाचलं. व्याकरण निर्दोष आहे.

तू एवढंच लिही, हाल्वार: हरकत आहे. दोन शब्द. मग मी ते वाक्य काढते आणि कारणही कुणाला सांगावं लागणार नाही.

गुद्रुन


लोमवाटन, ६ फेब्रुवारी

गुनहिल्ड काल गेली. नेरी सांगायला आला तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरले आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला हायसं वाटलं. त्या साली कडं नव्हतं हे पाहिलेली एकच होती, तीही गेली.

त्या क्षणी मी स्वतःला ओळखलं आणि मला ती बाई आवडली नाही.

चार दिवस वादळ आहे. रस्ता दोन ठिकाणी बर्फाखाली गेला. झाडं दिसत नाहीत.


लोमवाटन, ११ फेब्रुवारी

प्रिय हाल्वार,

काल जे झालं ते क्रमानं लिहिते. मला क्रम सोडून बोलायची सवय नाही आणि आज ती सुटली तर मी काहीच लिहू शकणार नाही.

सकाळी वादळ निवळलं. रस्ता अजून बंद होता. खिडकीतून पाहिलं तर झाडं पूर्ण झाली होती. चर्चच्या धक्क्यापासून शाळेखालच्या उतरणीपर्यंत, एकामागे एक, सरळ. शेवटचं झाड माझ्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर.

अकराच्या सुमाराला घुंगरं वाजली. नेरी पुढं, त्याचा तपकिरी घोडा, मागं घसरगाडीवर गुनहिल्डची पेटी, आणि पेटीमागं वीस-पंचवीस माणसं काळ्या कपड्यांत. गुनहिल्डनं सांगून ठेवलं होतं की मला माझ्या आईबापासारखं बर्फावरून न्या. रस्ता बंद, पलीकडे पाद्री थांबलेला, समोर झाडं लागलेली. त्यांना थांबायचं कारणच नव्हतं. जुन्या रीतीनं चालले होते.

मी स्वेटरवरच धावत खाली गेले आणि घोड्यापुढं उभी राहिले.

नेरी म्हणाला, “बाजूला व्हा बाई. भाषण चर्चमध्ये करा, तिथं शेकोटी आहे.”

मी म्हटलं, या वाटेनं जायचं नाही.

“का? झाडं आहेत की.”

मी म्हटलं, झाडं चुकीच्या रेषेवर आहेत. धरणाचं पाणी हिवाळाभर खाली उतरवतात. बुडालेल्या नेसच्या कण्यावर बर्फ अडकून राहतं आणि दोन्ही अंगांनी खाली पोकळी होते. माणूस जाईल, घोडा आणि पेटी जाणार नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, बाईंनी बर्फसुद्धा पुस्तकात वाचलंय. हसू उठलं, प्रेतयात्रेला शोभेल एवढंच. नेरीनं लगाम उचलला. “दोन रविवार माणसं जाऊन आली. तुम्हाला कसं माहीत ही रेषा चुकीची आहे?”

हाल्वार, माझ्याकडे त्या क्षणीही दहा उत्तरं होती. वीज कंपनीचे नकाशे. पाण्याच्या पातळीचे आकडे. पंचायतीचा हुकूम. यातलं कुठलंही उत्तर दिलं असतं तर नेरी हसला असता आणि घोडा पुढं गेला असता. त्याला थांबवणारं एकच वाक्य होतं आणि ते बारा वर्षं माझ्याजवळ होतं.

मी म्हटलं, “कारण ही रेषा माझी आहे. ओस्ने बुडाली ती झाडं मी लावली होती. हाल्वारनं नाही.”

घोड्यानं मान झटकली. घुंगरं वाजली आणि थांबली. आयुष्यात मी एवढं छोटं भाषण केलं नव्हतं.

बाकीचं तुझ्यासाठी. सेहेचाळीसच्या शरदात नेस पाण्याखाली गेलं आणि तू वरच्या उतारावर दोन गाई घेऊन राहायला आलास. पंचायतीत मी विचारलं होतं, बर्फाचं काय? तू उठून म्हणालास, जमीन नाही तर काम नाही. तुमच्या दिव्यांनी वाट दाखवावी. मला वाटलं तू मला सगळ्यांसमोर हरवलंस. ते मला सोसलं नाही. मला दाखवायचं होतं की यात रक्ताचा वारसा वगैरे काही नसतो, लिहिलेलं ज्ञान असतं, आणि वाचता येणारी कुठलीही बाई ते करू शकते. माझ्या टाचणांत वाटेच्या खुणा होत्या: चर्चचा कळस आणि नेसच्या कोठाराचं टोक एका रेषेत धरायचं. कोठार बुडालं होतं, तर मी नकाशावरून त्याची जागा काढली. बरोबर काढली. मी एका बुडालेल्या कोठारावर नेम धरून, बुडालेल्या घरावरून, गावाची वाट आखली. पाणी उठलं म्हणजे बर्फही दुसरं झालं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला सुचलं नाही. आणि झाडं नीटनेटकी दिसावीत म्हणून मी खालच्या फांद्या सगळ्या छाटल्या. शाळामास्तरणीचं काम.

नऊ फेब्रुवारीची सकाळ, उजाडता उजाडता. कुणी पाहिलं नाही. दुपारी ओस्ने घोडी घेऊन पलीकडे आईकडे निघाली. तिला वाटलं असणार, तू राग सोडलास.

संध्याकाळपर्यंत सगळं गाव म्हणत होतं की हाल्वारनं हट्टानं जुन्या रेषेवर झाडं लावली. मी वाट पाहिली की तू नाकारशील. तू नाकारलंस की मी बोलणार होते. असं मी स्वतःला सांगितलं. तू नाकारलं नाहीस. मे महिन्यात ती धरणाच्या जाळीशी सापडली, आपण तिला पुरलं, आणि तू उत्तरेला निघून गेलास. तुझ्या गप्प बसण्यात मी बारा वर्षं राहिले, भाडं न देता.

नेरीनं कंबरेला दोर बांधला, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेतलं आणि झाडाझाडानं पुढं गेला. चौथ्या झाडाशी त्यानं ते फिरवायला सुरुवात केली. दोन विती बर्फ निघालं आणि गिरमिट मुठीपर्यंत सटकन आत गेलं. पाणी वर आलं नाही. नेरी गुडघ्यावर बसला, भोकावर तोंड धरलं आणि ताबडतोब मागं सरकला. परत आल्यावर त्यानं कंबरेचा दोर सोडला. मग मला एकटीला म्हणाला, आतून वारा येतोय. आणि वास. मी विचारलं, कसला? म्हणाला, गोठ्याचा. कोरड्या गवताचा आणि गाईंचा. तिथं खाली काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

गुनहिल्डची पेटी त्यांनी शाळेत ठेवली, माझ्या वर्गात, दोन दिवसांनी रस्ता खुला होईपर्यंत. मी बाकावर बसून तिच्याजवळ थांबते आहे. हे पत्र तिथंच लिहिलं.

तुझी ताई


लोमवाटन, १६ फेब्रुवारी

प्रिय हाल्वार,

गावानं मला काही केलेलं नाही. दुकानात मी गेले की बोलणं थांबतं, मला हवं ते मिळतं, आणि मी बाहेर पडले की सुरू होतं. दोन मुलं शाळेत येत नाहीत. पंचायतीचा राजीनामा मी लिहून दिला; तो त्यांनी वाचून टेबलावर ठेवला आहे, नाकारलेला नाही, घेतलेलाही नाही. नेरी काल कुऱ्हाड परत घेऊन आला. धार लावलेली होती. म्हणाला, “आईला तुम्ही आवडायच्या. सांगायची, ती बाई एक दिवस खरं बोलेल आणि त्या दिवशी घसा बसेल तिचा.” मी हसायला गेले आणि खरंच आवाज फुटला नाही.

वाक्य बदललं. आता असं आहे: ‘फेब्रुवारी १९४७ मध्ये बर्फावरील वाटेच्या खुणा या ग्रंथाच्या लेखिकेने चुकीच्या रेषेवर लावल्या आणि त्यामुळे ओस्ने बुडाली. हाल्वारचा यात दोष नव्हता.’ समितीनं एकमतानं मान्य केलं. यावेळी कॉफी कुणी प्यायली नाही.

झाडं काढली. नेरी आणि दोन माणसं दोर बांधून गेली. ती झाडं पाहायला हवी होतीस तू. वर शेंडा हिरवा, सुया ताज्या, हातात चुरगाळल्या तर वास येत होता. आणि बर्फाखाली गेलेला बुंधा काळा, मऊ, बोटानं दाबला तर आत जाणारा, बारा वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडासारखा. नेरीनं ती जाळायला किनाऱ्यावर रचली. शेंडे जळाले. बुंधे जळाले नाहीत.

भोकं अजून उघडी आहेत. उणे पंचवीस थंडी आहे आणि ती गोठत नाहीत. सकाळी त्यांतून वाफ निघते, ओळीनं, गोठ्याच्या दारातून निघते तशी.

मी तुला परत ये म्हणत नाही. मला तो हक्क नाही. फक्त एवढं की आता तुझं नाव स्वच्छ आहे.

ताई


लोमवाटन, ८ मार्च

हाल्वार,

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते इथं उतरवून काढते आहे, कारण मला खात्री करून घ्यायची आहे की मी बरोबर वाचलं.

‘ताई, सगळी पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही कारण त्या वाक्यात मला खोटं काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या वाक्यात दिसतं, म्हणून लिहितोय.

त्या सकाळी मी गोठ्याच्या दारात उभा होतो. तू घसरगाडीवर झाडं लादून उतरलीस ते मी पाहिलं. चौथ्या झाडाशी मला कळलं की तू जुन्या रेषेवर चालली आहेस. वारा नव्हता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी म्हटलं, जाऊ दे तिला. पाय ओला होईल, सगळ्यांसमोर हसं होईल, पंचायतीत तोंड बंद होईल. तू पार जाऊन परत आलीस. मी आत जाऊन जेवायला बसलो.

ओस्ने खिडकीशी गेली, म्हणाली, झाडं लावलीस वाटतं. बरं केलंस. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि काही बोललो नाही.

मग मी जनावरांना चारा आणायला रानात गेलो. ती कुठं निघणार होती हे मी विचारलं नव्हतं.

तुझं पुस्तक तू नीट लिही. हाल्वार.’

तुझं पत्र मी दिवसभर वाचलं. मला तुझा राग आला, मग दया आली, मग दोन्ही नाहीसं झालं आणि एकच गोष्ट उरली, की बारा वर्षं आपण दोघं एकाच बाईला एकाच वाटेवर पाठवत होतो आणि दोघांनाही वाटत होतं आपण एकटे आहोत.

छापखान्याला तार केली. ते पान थांबवलं आहे. माझं वाक्य खोटं आहे हे आता मला माहीत आहे, पण तुझं नाव मी त्यात घालणार नाही. एकदा गप्प राहून मी दोष तुला न विचारता तुझ्यावर लादला, दुसऱ्यांदा न विचारता तुझ्यावरून काढला. तिसऱ्यांदा नाही. ते आपण दोघांनी एका टेबलाशी बसून लिहायचं, आणि ओस्नेच्या आईला आधी वाचून दाखवायचं. ती अजून आहे. तिला ऐकू येतं.

गुरुवारी दुपारी, पत्र आल्यानंतर, भोकं गोठली. नेरी पाहून आला. चौथं सोडून सगळी. त्या एकाभोवती बर्फ पातळ होत चाललं आहे आणि आता ते घोड्याच्या खुराएवढं नाही, घसरगाडीएवढं झालं आहे. सकाळी वाफ येते. त्याच्या सरळ वर, उतारावर, तुझ्या गोठ्याचं दार आहे. ते कुणीतरी उघडं टाकलं आहे. मी दोनदा जाऊन लावून आले.

तू ये. स्टेशनवर उतरलास की तुला समोर आपला काठ दिसेल, आणि बर्फावरून अर्ध्या तासाची वाट दिसेल, आणि कदाचित झाडंही दिसतील. ती कुणीही लावलेली असोत, त्या बाजूला वळू नकोस. मी नेरीला गाडी घेऊन पाठवते. चौतीस किलोमीटर आहेत, वेळ लागेल. रस्त्यानं ये.

ताई